बॅटरी पॅकच्या स्पॉट वेल्डिंगसाठी शेड्यूल कसे बसवावे

हिंगणघाट तालुक्यातील आमच्या लहानशा वर्कशॉपमध्ये पावसाळ्यात सर्वाधिक काम येते ते फवारणी पंपांच्या बॅटऱ्यांचे. पाठीवरच्या पंपात मूळची १२ व्होल्ट, ८ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी असते. ती थकली की तिच्या जागी आम्ही लिथियम आयर्न फॉस्फेटचे ३२ मिलीमीटर व्यासाचे आणि ७० मिलीमीटर लांबीचे चार सेल एकापुढे एक जोडून १२.८ व्होल्टचा पॅक बसवतो. पंप वाहणाऱ्याच्या पाठीवरचे दीड ते दोन किलो ओझे त्यामुळे कमी होते. अर्थात सोबत सेलना जास्त चार्ज-डिस्चार्ज होण्यापासून सांभाळणारे बीएमएस सर्किट आणि त्याच रसायनाचा चार्जर द्यावाच लागतो. जुना चार्जर या पॅकला लावू नये. सेल एकमेकांना जोडणारी निकेलची पट्टी स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे दाब देऊन क्षणभर मोठा करंट सोडून ठिपक्यापुरती जोडून, बसते, आणि ती पक्की बसते की नाही हे वेल्डिंगच्या पॉवर सप्लायमध्ये भरलेल्या शेड्यूलवर, म्हणजे करंट आणि वेळ यांच्या आकड्यांच्या संचावर, अवलंबून असते, असे मीही पूर्वी मानत होतो.

एका भाद्रपदात आठ दिवसांच्या आत तीन पंप परत आले. “भाऊ, टाकी अर्धी होती अन् पंप मधातच बंद पडला,” असे एका शेतकऱ्याने सांगितले, तेव्हा त्याच्या हाताला औषधाचा वास येत होता, कारण पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात, उभ्या-उभ्या त्याने पंपाचे झाकण उघडून तारा हलवून पाहिल्या होत्या. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे या भागात कोणीही विसरलेले नाही. म्हणून मधातच बंद पडणारा पंप ही माझ्या लेखी किरकोळ तक्रार नाही. पॅक उघडला तर पट्टी सेलवरून अलगद उचलली गेली. तिला कोठेही छिद्र पडले नव्हते आणि सेलवर केवळ दोन फिकट ठिपके उरले होते. मशीनमधील शेड्यूल पाहिले तर त्यात एक आकडाही बदललेला नव्हता. बदलला होता तो दाब. इलेक्ट्रोडची, म्हणजे पट्टीवर टेकून करंट देणाऱ्या तांब्याच्या गजांची, टोके बदलताना वेल्ड हेडवरची, म्हणजे ते गज खाली दाबणाऱ्या भागावरची, स्प्रिंगची चकती दोन फेरे जास्त आवळली गेली होती. दाब वाढला की पट्टी आणि सेल यांच्यामधील रोध कमी होतो, आणि त्याच करंटला तेथे उष्णता कमी तयार होते.

तेव्हापासून मी शेड्यूल या शब्दाचा अर्थ बदलला. त्याचा अर्धा भाग मशीनच्या मेमरीत असतो आणि अर्धा बाहेर, म्हणजे स्प्रिंगमध्ये, टोकांच्या आकारात, पट्टीच्या धातूत आणि केबलच्या लांबीत असतो. पुढील सगळी कृती या क्रमाने मांडली आहे : आधी बाहेरचा अर्धा भाग, मग आतला.

पट्टी आणि टोके

पट्टीपासून सुरुवात करावी. बाजारात शुद्ध निकेलची आणि निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची अशा दोन्ही पट्ट्या मिळतात आणि डोळ्यांना त्या सारख्याच दिसतात. लोहचुंबक लावून फरक कळेल असे अनेकांना वाटते. तो कळत नाही, कारण निकेललाही लोहचुंबक ओढतो. पट्टीचा तुकडा पॉलिश पेपरने खरवडून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवावा. सकाळी खरवडलेल्या जागी तांबूस गंज दिसला तर ते पोलाद आहे. पोलादाचा रोध निकेलपेक्षा जास्त असल्यामुळे निकेलसाठी बसवलेले शेड्यूल त्यावर चालवले की ठिणग्या उडतात आणि पट्टी जळते. शिवाय मुलामा निघालेल्या जागी ती पंपातील ओलाव्याने गंजते, म्हणून फवारणी पंपासाठी मी शुद्ध निकेलच वापरतो : ०.१५ मिलीमीटर जाड, ८ मिलीमीटर रुंद, आणि दोन ठिपक्यांच्या मध्ये खाच असलेली.

ती खाच शोभेची नाही. बॅटरीच्या कामात दोन्ही इलेक्ट्रोड पट्टीवर एकाच बाजूने टेकतात. करंटने एका टोकातून खाली सेलच्या पत्र्यात उतरावे आणि दुसऱ्या टोकातून वर यावे अशी आपली अपेक्षा असते. पण पट्टी अखंड असेल तर करंटचा बराच हिस्सा सेलपर्यंत न जाता पट्टीतूनच आडवा निघून जातो. मशीनला हे कळत नाही, ते एकूण करंट मोजते. खाचेमुळे तो आडवा मार्ग अरुंद होतो आणि करंट खाली वळतो. दोन्ही टोके खाचेच्या दोन बाजूंना पडतील असा लाकडाचा किंवा बॅकेलाइटचा साचा करून घ्यावा, कारण हाताने अंदाजे ठेवलेली पट्टी दहापैकी दोन वेळा तरी सरकते.

निकेल आणि पोलादासाठी क्रोमियम-तांब्याचे इलेक्ट्रोड चालतात. आमच्याकडे ३ मिलीमीटरचे गज आहेत आणि त्यांची टोके १.५ मिलीमीटर व्यासापर्यंत सपाट घासलेली आहेत. टोक झिजून पसरले की तोच करंट मोठ्या जागेवर विभागला जातो आणि वेल्ड थंड पडते, व्यास १.५ वरून २ मिलीमीटर झाला तर क्षेत्रफळ पाऊणपट वाढते, हे लक्षात घेतले म्हणजे टोकांची निगा किती महत्त्वाची आहे ते उमगते. दोन्ही टोके एकाच पातळीत आहेत का, हे पाहण्यासाठी काचेच्या तुकड्यावर कार्बन पेपर आणि त्यावर पांढरा कागद ठेवून करंट बंद असताना हेड खाली आणावे. कागदाच्या पाठीवर दोन सारखे गोल उमटले पाहिजेत. एक गोल आणि एक चंद्रकोर उमटली तर टोके पुन्हा घासावीत.

दाब मोजणे

दाब मोजायला महागडे उपकरण नसले तरी चालते. किराणा दुकानात असतो तसा दहा किलोचा लहान इलेक्ट्रॉनिक वजनकाटा हेडखाली ठेवावा, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून काटा शून्यावर आणावा, करंट बंद असल्याची खात्री करावी आणि पेडल दाबून एकेक इलेक्ट्रोड स्वतंत्रपणे टेकवावा. आमच्या पट्टीला प्रत्येक टोकावर अडीच किलो दाब योग्य ठरला. पाच वेळा मोजून पाचही आकडे शंभर ग्रॅमच्या आत आले पाहिजेत. येत नसतील तर हेडचा वर-खाली सरकणारा भाग अडकतो आहे असे समजावे. कापसाच्या दिवसांत आमच्याकडे हवेत इतका तंतू असतो की त्या सरकत्या भागाच्या खाचेत तो तेलाबरोबर गोळा होतो आणि हेड जड चालते. अशा हेडवर कोणतेही शेड्यूल टिकणार नाही.

चांगल्या वेल्ड हेडमध्ये ठरलेला दाब आल्यावरच पल्स, म्हणजे करंटचा क्षणिक झटका, सुटावा यासाठी एक स्विच असतो. तो काम करतो आहे याची खात्री करून घ्यावी. पेडल घाईने दाबल्यावर दाब पूर्ण येण्याआधी पल्स सुटला तर टोक पट्टीला चिकटते आणि तिला भोक पडते.

वीज, केबल आणि सेन्सच्या तारा

आमच्याकडे आधी साध्या ट्रान्सफॉर्मरचे मशीन होते. शेतीपंपांना लाईन येण्याची पाळी असली की डीपीवरचा भार वाढून व्होल्टेज २३० वरून २०० पर्यंत उतरे. अशा मशीनमध्ये उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे एवढ्या उतारानेच ती सुमारे एक चतुर्थांश कमी होई. शिवाय ५० हर्ट्झच्या विजेवर चालणारे असे मशीन अर्ध्या सायकलपेक्षा, म्हणजे १० मिलिसेकंदांपेक्षा लहान पल्स नेमकेपणाने देऊ शकत नाही. पत्र्याच्या कामाला ते पुरते, बॅटरीच्या पातळ पट्टीला नाही. इन्व्हर्टर पद्धतीचा पॉवर सप्लाय आधी विजेचे डीसी करतो, मग ते काही हजार हर्ट्झने तोडून ट्रान्सफॉर्मरला देतो आणि पल्स चालू असतानाच स्वतःला दुरुस्त करत राहतो, म्हणून तेथे मिलिसेकंदाच्या हिशेबाने काम करता येते. या सप्लायची दुरुस्ती करण्याची क्षमताही अमर्याद नसते. लाईन फारच उतरलेली असेल तर काम थांबवावे.

वेल्डिंगच्या दोन केबल शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात, एकमेकींना बांधाव्यात आणि लोखंडी टेबलाच्या पायाभोवती गुंडाळू नयेत, कारण मोठ्या वळशामुळे पल्स हळू चढतो. व्होल्टेज मोजणाऱ्या बारीक सेन्सच्या तारा इलेक्ट्रोडच्या होल्डरवर घट्ट बसलेल्या असाव्यात. कॉन्स्टंट व्होल्टेज पद्धतीत, म्हणजे मशीन व्होल्टेज ठरलेले ठेवून करंट बदलते तेव्हा, त्यातील एक तार सुटली तर मशीनला वाटते की व्होल्टेज शून्य आहे, आणि ते करंट वाढवत नेते.

शेड्यूलमध्ये काय काय भरायचे

आता मशीनकडे वळू. रिकामा शेड्यूल क्रमांक निवडावा. सेलचे ऋण टोक आणि धन टोक यांचे पत्रे सारखे नसतात, आणि धन टोकाच्या झाकणाखाली सील असते, म्हणून दोघांसाठी स्वतंत्र क्रमांक ठेवावेत. आमच्याकडे ११ ऋणासाठी आणि १२ धनासाठी आहे.

पहिला आकडा स्क्वीझ वेळेचा. टोके टेकल्यानंतर त्यांची थरथर थांबून दाब स्थिरावण्यासाठी ही वेळ असते. आम्ही १५० मिलिसेकंद ठेवतो. ती वाढवल्याने काम किंचित मंदावते, वेल्ड बिघडत नाही. म्हणून शंका असेल तर वाढवावी.

त्यानंतर पहिला पल्स. याचे काम वेल्ड करणे नसून जागा तयार करणे आहे. पट्टी आणि सेल यांच्यामध्ये मळ, ऑक्साइड आणि सूक्ष्म उंचवटे असतात. थेट मोठा करंट सोडला तर तो एखाद्या उंचवट्यातूनच धावतो आणि तेथून ठिणगी उडते. लहान पल्सने ते उंचवटे मऊ होऊन दबतात आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात. हा पल्स कॉन्स्टंट पॉवर पद्धतीत चालवणे मला योग्य वाटते, कारण रोध जास्त असेल तेव्हा मशीन आपोआप करंट आवरते. आमचा पहिला पल्स साधारण ०.६ किलोअँपिअरपर्यंत पोचतो. चढ १ मिलिसेकंद आणि सपाट भाग २ मिलिसेकंद. मग ५ मिलिसेकंदांची विश्रांती.

दुसरा पल्स खऱ्या वेल्डचा. येथे पद्धत निवडावी लागते. भाग सपाट असतील, टोके नीट बसत असतील आणि पट्टीच्या जागेत फरक पडत नसेल तर कॉन्स्टंट करंट घ्यावा. तारा किंवा गोल भाग असतील आणि संपर्काची जागा दर वेळी बदलत असेल तर कॉन्स्टंट व्होल्टेज घ्यावे. त्याने ठिणग्या कमी होतात. साचा वापरत असल्यामुळे आम्ही कॉन्स्टंट करंट ठेवला आहे : १.२ किलोअँपिअर, चढ १, सपाट ४ आणि उतार १ मिलिसेकंद. शेवटी होल्ड १०० मिलिसेकंद, म्हणजे वितळलेला थेंब दाबाखालीच गोठतो.

हे आकडे आमच्या मशीनचे, आमच्या टोकांचे आणि आमच्या पट्टीचे आहेत. कोणी ते जसेच्या तसे उतरवून घेऊ नयेत. ते कसे सापडले तेवढे घ्यावे.

करंटची शिडी

शेड्यूल शोधण्याचे काम विकायच्या सेलवर करू नये. सेलच्या पत्र्याएवढ्या जाडीच्या, निकेल मुलाम्याच्या पोलादी पट्टीचे तुकडे घ्यावेत आणि शेवटच्या फेरीलाच चार्ज पूर्ण उतरवलेले टाकाऊ सेल वापरावेत. आत काय झाले ते पाहण्यासाठी सेल कधीही कापू नये. डोळ्यांवर गॉगल असावा, हातातील कडे आणि अंगठी काढून ठेवावी, जवळ कोरड्या वाळूची बादली असावी, आणि शरीरात पेसमेकर असलेल्या व्यक्तीला चालू मशीनजवळ येऊ देऊ नये.

बाकी सर्व आकडे स्थिर ठेवून दुसऱ्या पल्सचा करंट ०.८ किलोअँपिअरपासून ०.०५ च्या पायरीने वाढवत न्यावा. प्रत्येक पायरीवर पाच नमुने करावेत आणि प्रत्येक नमुन्याची पट्टी पक्कडीत धरून काटकोनात, सावकाश सोलावी. सुरुवातीच्या पायऱ्यांवर पट्टी टचकन सुटते आणि पत्र्यावर केवळ डाग उरतो. पुढे ती थोडी धरते, पण गाठ मधून तुटते. त्यानंतर एका पायरीवर पाचही नमुन्यांत पट्टी स्वतः फाटते : तिच्यात दोन छिद्रे पडतात आणि निकेलच्या दोन टिकल्या पत्र्याला घट्ट चिकटून राहतात. बोटाने चाचपले तर त्या टिकल्यांची फाटलेली कड टोचते. आमच्याकडे ही पायरी १.०५ वर आली. ती खालची हद्द.

तेथे थांबू नये. करंट वाढवतच राहावा, जोपर्यंत ठिणगी उडत नाही, टोक चिकटत नाही किंवा पत्र्याच्या मागच्या बाजूला निळा-तपकिरी डाग गडद होत नाही. आम्हाला पहिली ठिणगी १.३५ वर दिसली. ती वरची हद्द. वापरायचा आकडा या दोहोंच्या मध्ये असतो. येथे १.२ हा बरोबर मध्य आला. खालच्या हद्दीला लागून आकडा ठेवला तर टोक थोडे झिजताच वेल्ड सुटू लागते, आणि पहिले चांगले वेल्ड दिसताच थांबणारे नेमकी हीच चूक करतात.

दोन हद्दींमधील अंतर फार कमी आले, म्हणजे दोन-तीन पायऱ्यांपेक्षा कमी, तर करंटशी झटापट करू नये. आधी दाब अर्धा किलो बदलून पाहावा, मग पहिला पल्स, मग वेळ. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात आणि वेळेच्या सरळ प्रमाणात वाढते : करंट १० टक्के वाढवला तर उष्णता २१ टक्के वाढते, वेळ १० टक्के वाढवली तर १० टक्केच. म्हणून बारीक सुधारणा वेळेने करावी. परंतु पल्स लांबवत नेण्याचा मोह टाळावा, कारण लांब पल्सची उष्णता सेलच्या आत पोचते, आणि तेथील प्लास्टिकचा पातळ पडदा १३० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतो. वेल्डनंतर लगेच सेलच्या टोकाला अंगठा लावला तर कोमट लागावे, चटका बसू नये.

दोन ठिपके कायम असमान येत असतील, एक मोठा आणि एक लहान, तर टोकांची पातळी पुन्हा पाहावी. ती बरोबर असूनही फरक राहिला तर तो डीसी करंटच्या दिशेमुळे असू शकतो. दोन केबलांची अदलाबदल केल्यावर मोठा ठिपका दुसऱ्या बाजूला गेला तर हे कारण नक्की झाले. काही मशीनमध्ये दुसऱ्या पल्सची दिशा उलटवण्याची सोय असते. ती असल्यास वापरावी.

मर्यादा बसवणे

शेड्यूलमध्ये वरच्या आणि खालच्या मर्यादेचे रकाने असतात, मोजलेला आकडा त्यांबाहेर गेला की मशीन घंटा वाजवते, आणि बहुतेक ठिकाणी ते रिकामे सोडलेले आढळतात. ते तीन पंप परत आले त्या वर्षी आमचेही रिकामेच होते.

मशीन ज्या राशीवर नियंत्रण ठेवते तिच्यावर मर्यादा लावून फारसे काही कळत नाही. कॉन्स्टंट करंट निवडला असेल तर करंट १.२ च राहणार, वेल्ड चांगले असो वा वाईट. बातमी मिळते ती व्होल्टेजकडून. दाब जास्त झाला, खाच चुकली किंवा टोक पसरले की रोध घटतो आणि व्होल्टेज उतरते; दाब कमी पडला किंवा पट्टीखाली मळ राहिला की व्होल्टेज चढते. स्प्रिंगची चकती दोन फेरे जास्त आवळली गेली तेव्हा व्होल्टेजने ते प्रत्येक पल्सला दाखवले असणार, आम्ही ते पाहतच नव्हतो. याउलट कॉन्स्टंट व्होल्टेज वापरत असाल तर मर्यादा करंटवर लावावी.

मर्यादेचा आकडा अंदाजाने टाकू नये. ठरलेल्या शेड्यूलवर पन्नास वेल्ड करून प्रत्येकाचे व्होल्टेज लिहून घ्यावे. ते सर्व सोलून पाहावेत आणि सगळे चांगले निघाले तर सर्वांत लहान व मोठ्या आकड्याच्या थोडे बाहेर मर्यादा ठेवाव्यात. मग मुद्दाम चूक करावी : एकदा दाब वाढवावा, एकदा पट्टी खाचेवरून सरकवावी, एकदा पट्टीखाली तेलाचे बोट लावावे. तीनही वेळा घंटा वाजली तर मर्यादा उपयोगाच्या आहेत. वाजली नाही तर त्या फार सैल आहेत.

कूलरच्या कामाबद्दल थोडे लिहितो, कारण माघ-फाल्गुनात याच भागातील अनेक वर्कशॉप जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या, पत्र्याचे कूलर बनवतात आणि तेथे शेड्यूल सायकलमध्ये भरले जाते. एक सायकल २० मिलिसेकंदांची. जस्त ४१९ अंशांना वितळते आणि ९०७ अंशांना उकळते, म्हणजे लोखंड वितळण्याच्या खूप आधी. त्यामुळे त्याच जाडीच्या साध्या पत्र्यापेक्षा करंट आणि वेळ दोन्ही जास्त लागतात, आणि तांब्याच्या टोकात जस्त मिसळून त्यावर पितळी थर चढतो. तो थर दिसला की टोक घासावे. करंट वाढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. टोकांना थंड करणारे पाणी मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून घेऊ नये, ते आधीच तापलेले असते.

वही आणि रोजची सुरुवात

शेड्यूल पक्के झाले की मशीनला पासवर्डचे कुलूप लावावे आणि वहीत एक पान त्या क्रमांकाच्या नावाने करावे. त्या पानावर मशीनमधील आकड्यांबरोबर दोन्ही टोकांचा दाब, टोकांचा व्यास आणि त्यांतील अंतर, पट्टीचा धातू, जाडी व ज्या रिळातून ती घेतली त्याची तारीख, केबलची लांबी, दोन्ही हद्दी आणि व्होल्टेजच्या मर्यादा लिहाव्यात. यांपैकी एकही गोष्ट बदलली तर पान जुने झाले असे समजून करंटची शिडी पुन्हा चढावी. पूर्ण शिडीला आम्हाला दीड तास लागतो.

टोके दर शंभर वेल्डनंतर ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन वेळा फिरवून पुसावीत. मशीनमध्ये मोजणीची सोय असल्यास शंभरावर मशीन थांबेल असे बसवावे. घासल्यावर कार्बन पेपरची खूण पुन्हा पाहावी. सकाळी काम सुरू करताना आधी लाईनचे व्होल्टेज, मग वजनकाट्यावर दाब आणि मग तीन नमुने, या क्रमाने जावे. आम्ही सोललेल्या तीन पट्ट्या त्या दिवसाच्या तारखेखाली वहीतच चिकटवतो. एखादा पंप परत आला तर पॅकवर लिहिलेली तारीख काढून वहीचे ते पान उघडायचे आणि तीनही पट्ट्यांतील छिद्रे उजेडासमोर धरून पाहायची.